वैनगंगेकाठचा अकेला

सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा या लहानशा गावापाशी उगम पावून, बालाघाट आणि भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांना वळसे घालीत जी नदी ब्रह्मपुरी आणि आरमोरीच्या मधून आपल्या मुलखात उतरते, मार्कंड्याच्या देवळापाशी क्षणभर उत्तरेकडे तोंड वळवते, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन दूरवर वाहते आणि शेवटी चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता हे नाव धारण करते, ती वैनगंगा सातासमुद्रांपलीकडच्या कित्येक पिढ्यांच्या बालकांना नावाने ठाऊक आहे. परंतु तिच्या काठच्या चिखलात रोवणी करणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगितली असेल.

रुडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचा दुसरा भाग पुढच्याच वर्षी निघाला. लांडग्यांच्या कळपात वाढलेला मोगली, कळपाचा वृद्ध नायक अकेला, धडे देणारे अस्वल बल्लू, काळा बिबट्या बघिरा आणि लंगडा वाघ शेरखान यांचे हे अरण्य सिवनीच्या टेकड्यांतले असून त्यातून वाहणारी नदी वैनगंगाच आहे. लेखकाने ते सारे अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या हिमाच्छादित प्रदेशात बसून लिहिले, आणि सिवनीचे अरण्य त्याने स्वतः पायी तुडविलेले नव्हते असेच अभ्यासक सामान्यतः मानतात. त्या काळी सिवनी आणि चांदा हे दोन्ही जिल्हे नागपुरास राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रांतात मोडत. पुढे १९५६च्या राज्यपुनर्रचनेत चांदा मुंबई राज्यात आला, १९६४ साली त्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. सरकारी दप्तरात मुलखाच्या वाटण्या अशा होत राहिल्या, तरी नदीचे पाणी मात्र त्याच टेकड्यांवरून येत राहिले.

या गोष्टीला पुढे जे रूप मिळाले ते तिच्या कर्त्याच्याही कल्पनेत नसावे. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरविले, पुढच्या वर्षी त्याविषयीचे पुस्तक पाक्षिक भागांनी छापून निघाले, आणि ज्या चळवळीला मराठीत पुष्कळ दिवस 'बालवीर' हे सुरेख नाव होते ती स्काउट चळवळ गावोगाव पेटली. ती होती साधारण अकरा वर्षांपुढील मुलांसाठी. परंतु ज्या घरात थोरला भाऊ गळ्यात रुमाल बांधून, हातात काठी घेऊन बाहेर पडतो, त्या घरातला आठ वर्षांचा धाकटा दारात मुकाट्याने उभा राहील हे कोणत्याही देशात संभवत नाही. धाकटे मागे लागले. काही पथकांनी त्यांना पोटात घेतले, तेव्हा मोठी मुले कंटाळून गळू लागली, कारण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला बालवाडीच्या सोबतीत राहणे म्हणजे मानहानीच वाटते. तेव्हा लहानांचे काहीतरी निराळे असले पाहिजे, मोठ्यांच्या कार्यक्रमाची पातळ केलेली आवृत्ती त्यांच्यापुढे ठेवून भागणार नाही, हे ध्यानी आले. १९१४ साली प्रायोगिक नियम निघाले आणि १९१६ साली 'वुल्फ कब', म्हणजे लांडग्याचे पिल्लू, या नावाची शाखा आपल्या स्वतंत्र पुस्तकासह उभी राहिली. तिचा सगळा सांगाडा बेडन-पॉवेलने किपलिंगच्या संमतीने मोगलीच्या गोष्टीवर रचला होता.

या आरंभात एका स्त्रीचा वाटा फार मोठा आहे आणि तिचे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणी घेत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. व्हेरा बार्कले हिचा जन्म १८९३चा. विशीच्या आतबाहेर असतानाच तिने आपल्या गावातल्या लहान मुलांचे एक पथक चालविले होते आणि बायकांनी असे पथक कसे चालवावे याविषयी १९१५ साली चळवळीच्या मुखपत्रात लिहिले होते. तोवर मुलग्यांच्या या संस्थेत नेतृत्व पुरुषांकडेच असावे असा शिरस्ता होता. परंतु महायुद्ध सुरू झाले, तरुण पुरुष खंदकांत गेले, आणि गावोगावच्या पथकांना वडीलधारे माणूस उरेना. बार्कले तेव्हा रेड क्रॉसची परिचारिका म्हणून नेटली येथील लष्करी रुग्णालयात जखमी शिपायांची शुश्रूषा करीत होती. तेथून तिला मुख्य कचेरीत बोलावून लहान मुलांच्या शाखेचे काम सोपविण्यात आले. तिने आणि तिच्यासारख्या असंख्य अज्ञात स्त्रियांनी ही शाखा सांभाळली. युद्धाने रिकाम्या केलेल्या जागेत बायकांनी पाऊल ठेवले आणि युद्ध संपल्यावरही त्या तेथून हलल्या नाहीत, ही घटना मला या चळवळीच्या इतिहासात ब्राउनसीच्या शिबिराइतकीच महत्त्वाची वाटते. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कब पथकापुढे उभ्या राहणाऱ्या बाईंची परंपरा तिथून निघते. बार्कले १९८९ पर्यंत, म्हणजे शहाण्णव वर्षांच्या जवळपास, जगली.

मुलींचे, म्हणजे गाईड चळवळीचे, प्रकरण समांतर चालले होते. १९१४ साली लहान मुलींसाठी 'रोझबड' म्हणजे गुलाबकळी या नावाने गट निघाले, पण कळी होऊन बसणे त्या मुलींनाच रुचले नाही आणि वर्षभरात नाव बदलून 'ब्राउनी' झाले. भारतात या शाखेने प्रथम 'ब्लू बर्ड' आणि पुढे 'बुलबुल' हे नाव घेतले. मोगलीच्या जागी त्यांना तारा नावाच्या मुलीची कथा मिळाली. आणि लांडग्यांच्या कळपाऐवजी पाखरांचा थवा आला. ज्या पक्ष्याची डोक्यावरची शेंडी आणि शेपटीखालचा तांबडा ठिपका आपल्या अंगणातल्या बोरीवर रोज दिसतो, त्याचे नाव मुलींना देणारा जो कोणी असेल त्याला मुलांचे मन कळत होते.

योजनेची रचना साधी आहे. सहा मुलांचे एक षटक, त्याचा एक नायक. अशी जास्तीत जास्त चार षटके, म्हणजे चोवीस मुले, एका पथकात. षटकांना लांडग्यांच्या रंगांची नावे: करडे, काळे, तपकिरी, तांबडे, पांढरे. मुले वर्तुळ करतात, लांडग्याच्या पिल्लांसारखी उकिडवी बसतात आणि आपल्या वडीलधाऱ्याला, म्हणजे अकेलाला, आम्ही शिकस्त करू असे एका स्वरात ओरडून सांगतात. भारतात हे वय साधारणतः पाच-सहापासून दहापर्यंतचे धरले आहे. मुलग्यांना एकामागून एक चार चरण पार करावयाचे असतात. मुलींच्या पायऱ्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी नावे आहेत. आणि दोघांच्याही शेवटी 'गोल्डन ॲरो' हा सन्मान असतो. गाठी मारणे, बटण शिवणे, जखमेवर पट्टी बांधणे, नखे स्वच्छ ठेवणे, रोज कुणाचे तरी एक काम न सांगता करणे, असा हा अभ्यासक्रम. मूळ कब नियमाचा आशय दोनच गोष्टींचा होता: वडीलधाऱ्याचे ऐकावे, आणि स्वतःच्या लहरीला शरण जाऊ नये. लहान मुलाला पेलेल एवढेच नीतिशास्त्र त्यात ठेवले आहे.

भारतात ही चळवळ १९०९ साली बंगळुरात आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. गाईड मुलींचे भारतातले पहिले पथक १९११ साली आपल्याच प्रांतातल्या जबलपुरास निघाले, पण तेही त्याच वर्गाचे. भारतीय मुलांना या चळवळीत प्रवेश नव्हता. तो दरवाजा ज्यांनी बाहेरून उघडला त्यांत पंडित श्रीराम बाजपेयी, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, ॲनी बेझंट यांच्या जोडीला नागपूरचे विव्हियन बोस होते, जे पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बेडन-पॉवेल १९२१ साली येथे आला तेव्हा काही संघटना एक झाल्या. परंतु १९३७च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्याने काढलेले उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वाभिमानी माणसे बाहेर पडली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. मुलांना सद्वर्तनाचे धडे देणाऱ्या संस्थापकाची ही बाजू लपविण्याचे कारण नाही. चळवळ तिच्या जनकापेक्षा मोठी निघाली, आणि ते श्रेय ज्यांनी तिला या देशाची केली त्या माणसांचे आहे. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' या नावाखाली एकत्र आल्या व पुढच्या १५ ऑगस्टला गाईड शाखा त्यात मिसळली. या एकीकरणासाठी झटणाऱ्यांत मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि न्यायमूर्ती बोस हे दोघेही होते, हे नागपूरकडच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. परदेशांत कब पथक चालविणारा माणूस बहुधा मुलांचा आईबाप, शेजारी किंवा मोहल्ल्यातला तरुण असतो. आपल्याकडे तो शाळेतला गुरुजी किंवा बाई असते. रेल्वेची स्वतंत्र संघटना सोडली तर ग्रामीण भागात दुसरा माणूस सहसा नाहीच. त्याला या कामाचा मोबदला नसतो. त्याने आधी प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे, मग ॲडव्हान्स, आणि निष्ठा टिकली तर 'हिमालय वुड बॅज' मिळवावा. त्याला जुन्या भाषेत सनद म्हणावे असे अधिकारपत्र मिळते. पण सनदेबरोबर वतन काही येत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, पोषण आहाराची तांदूळ-डाळीची नोंदवही, निवडणुकीची कामे, जनगणना, आणि वरून मागविलेली माहिती आजच्या आज पाठविण्याचे हुकूम, एवढे सारे उरकून जो मनुष्य शनिवारी दुपारी मैदानात चुन्याने वर्तुळ आखतो त्याला कळपाच्या नायकाचे नाव फार शोभते. अकेला या शब्दाचा हिंदीतला अर्थ 'एकटा' असा आहे.

या भूमीत स्वयंसेवेची कल्पना परकी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच चिमूरच्या परिसरातल्या अरण्यात साधना केली, आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते गावोगाव पहाटे झाडू घेऊन उतरत आले ते कुणाच्या पगारावर नव्हे. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत गोटूल ही गावाची सामाईक वास्तू असते, जेथे तरुण पोरे जमतात, वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकतात आणि गावाची शिस्त उचलतात. मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे, हे ज्याला बेडन-पॉवेलचे शोधून काढलेले तत्त्व वाटते त्याने एकदा तिकडे जाऊन यावे. गोटुलाचे पहिले सविस्तर चित्र व्हेरियर एल्विनने शेजारच्या बस्तरातील मुरिया समाजावरच्या आपल्या ग्रंथात १९४७ साली रेखाटले.

परंतु गडचिरोलीच्या अरण्यात कब पथक चालविणाऱ्या गुरुजींपुढे जे प्रश्न उभे राहतात ते लंडनच्या पुस्तकात नाहीत. पहिला प्रश्न भाषेचा. पाठ्यपुस्तक मराठी, संघटनेची गीते आणि घोषणा बहुतांशी हिंदी, आणि समोरचे मूल घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे. सिरोंच्याकडे गेलात तर तेलुगू, कोरची-कुरखेड्याच्या बाजूला छत्तीसगढी, आणि चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या नातवंडांची बंगाली. एका षटकात सहा मुले आणि चार भाषा, असे घडणे अशक्य नाही. दुसरा प्रश्न पैशाचा. गणवेश, रुमाल, टोपी, बिल्ले हा खर्च ज्याच्या घरी तेंदूपत्त्याच्या मजुरीवर वर्षभराचे मीठ-मिरची चालते त्याला झेपत नाही. आणि मुलाला एकट्यालाच रुमाल नसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले तोच जाणतो.

या चळवळीतल्या 'खरी कमाई' या उपक्रमाकडे मी विशेष आस्थेने पाहतो. मुलांनी घरोघर लहानसहान कामे करून थोडे पैसे मिळवावेत व श्रमाची प्रतिष्ठा ओळखावी, असा हा उपक्रम, आणि महाराष्ट्रातल्या शहरी मुलांना तो मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु आरमोरीच्या पलीकडची सात-आठ वर्षांची पोर फाल्गुन-चैत्रात उजाडण्यापूर्वी आईबरोबर मोहाची फुले वेचते, वैशाखात तेंदूची पाने जुळवून पुडे बांधते. तिला श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्याचे प्रयोजन काय? समजूतदार बाई अशा ठिकाणी उपक्रमाला उलटे वळण देतात. मुलीने मोह वेचून किती टोपल्या भरल्या, त्याचे वजन किती, व्यापाऱ्याने भाव काय दिला आणि बाजारात तो काय होता, याचा हिशेब त्या तिला मांडायला लावतात. कमाई तर खरी होतीच. ती वहीत उतरते, एवढाच फरक पडतो.

तिसरा प्रश्न अरण्याचाच. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. ताडोब्याला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून चंद्रपूरच्या वाघांचे संरक्षण झाले, त्यांची संख्या वाढली, आणि आज ब्रह्मपुरी, सावली, मूल, सिंदेवाही या तालुक्यांत वाघ गावाच्या शिवारात दिसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कब मुलांना रानात नेऊन पाऊलखुणा ओळखायला लावाव्यात, हा पुस्तकातला सर्वांत आनंदाचा पाठ. पण येथे तो घेण्यापूर्वी गुरुजींना वनरक्षकाला विचारावे लागते, गावातली दोन जाणती माणसे सोबत घ्यावी लागतात आणि सूर्य वर आल्यावरच निघावे लागते. ज्या मुलखाच्या कथेवरून जगभरच्या मुलांनी जंगल-जंगल हा खेळ खेळला, त्या मुलखातल्या मुलांना तो खेळ म्हणून खेळता येत नाही. त्यांच्यासाठी शेरखान हा काल संध्याकाळी पाटाच्या कडेला दिसलेला प्राणी असतो.

शिवाय कथेतल्या काही पात्रांशी आपल्या मुलांचे जमणेच कठीण आहे. लांडगा हा मोकळ्या माळरानाचा प्राणी. आमच्या साग-बांबूच्या दाट रानात कळपाने शिकार करतो तो कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. आणि किपलिंगच्या दुसऱ्या भागात हेच रानकुत्रे दक्षिणेकडून, दख्खनवरून, म्हणजे सिवनीहून पाहिले तर आमच्याच दिशेकडून, नासधूस करीत येणारे शत्रू म्हणून रंगविलेले आहेत! मोगली त्यांना वैनगंगेच्या घळीतल्या मधमाश्यांच्या कड्याखाली ओढून आणतो. ही कथा सांगताना आमच्या गुरुजींनी कोळसुंद्यांची बाजू घेतली होती, हे मला पक्के आठवते.

होय, मी स्वतः कब होतो. वैनगंगेच्या काठच्या एका गावात, कौलारू शाळेत, सोळा मुलांच्या पथकात. गुरुजींना कुठले तरी प्रशिक्षण झाले होते आणि एक फाटके हिंदी पुस्तक त्यांच्याजवळ होते. रुमाल शाळेच्या खर्चाने नव्हे, तर त्यांनी आपल्या पगारातून कापड घेऊन शिंप्याकडून शिवून आणलेले होते. शनिवारी ते आम्हांला पिंपळाखाली बसवीत आणि मोगलीची गोष्ट पुढे नेत. बल्लूचा पाठ आला तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितले, की अस्वल हे रानाच्या पिल्लांचे मास्तर आहे, ते रानाचा कायदा शिकवते. तेवढ्यात मागच्या ओळीतला एक मुलगा, जो वर्गात कधी बोलत नसे, उभा राहून म्हणाला, "अस्वल शिकवत नाही जी गुरुजी. माह्या मामाचं तोंड फाडलं अस्वलानं. मोह वेचाले गेला होता."

सगळी मुले गप्प झाली. त्या मामाला आम्ही सर्वांनी पाहिले होते. तो बाजारात तोंडाला पंचा गुंडाळून येई. गुरुजी काही वेळ पुस्तकाकडे पाहत राहिले, मग त्यांनी ते मिटून बाजूला ठेवले आणि त्या मुलाला वर्तुळाच्या मध्ये बोलावले.

"मग तूच सांग बाबू," ते म्हणाले, "मामानं तुला काय शिकवलं?"

त्याने सांगितले. पहाटे मोहाखाली जायचे तर एकट्याने जायचे नाही. मुकाट जायचे नाही. बोलत जायचे, खाकरत जायचे, कारण अस्वल आपल्याला शोधत येत नाही, ते खाली मान घालून फुले खात असते, आणि एकदम समोर माणूस दिसला की दचकते आणि उठते. वाऱ्याकडे लक्ष ठेवायचे. पिल्ले दिसली तर टोपली तिथेच टाकून मागे सरायचे. पाठ फिरवून पळायचे नाही. हे सर्व तो आपल्या बोलीत, अडखळत, पण एकही पायरी न चुकवता सांगत गेला, आणि गुरुजी खाली जमिनीवर, आमच्या ओळीत येऊन बसले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही नदीवर गेलो. वाट मोहाच्या झाडांखालून होती. गुरुजी सर्वांत पुढे नव्हते. पुढे तो मुलगा होता, आणि आम्ही पंधराजण त्याच्या मागून मोठमोठ्याने बोलत, पाढे म्हणत, एकमेकांना हाका मारत घाटापर्यंत उतरलो.